नोटीस आली? आधी पासबुक उघडा

मी पतसंस्थेत वसुलीला होतो. ज्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की लोक मागच्या दाराने रानात निघून जायचे, तो माणूस मी. निवृत्त झाल्यापासून तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तेच लोक नोटीस घेऊन माझ्या सोप्यात येऊन बसतात. "नाना, आता काय करायचं ओ?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. मी सल्ल्याचे पैसे घेत नाही. खाली ज्या ज्या कचेऱ्या सांगितल्यात त्याही सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. तिथं जायचं म्हणून मध्ये कुणी पैसे मागितले, तर तो दलाल आहे एवढं समजून घ्या.

नोटीस मी लगेच वाचत नाही. आधी घरातली सगळी पासबुकं आणि रेशन कार्ड मागवतो, घरात कोण कोण आहे, कुणाचं वय किती, मागच्या काही वर्षांत कोण वारलं, हे विचारतो. लोकांना वाटतं म्हातारा विषय टाळतोय. पण वसुलीच्या नोकरीत मी एक गोष्ट सारखी पाहिली: ज्या घराचा हप्ता थकलेला असतो, त्याच घराचे पैसे सरकारकडे नाहीतर विमा कंपनीकडे अडकलेले असतात आणि ते मागावे लागतात हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. वसुलीला येणारा ते सांगत बसत नाही, त्याचं ते काम नव्हे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी येणं बघायचं, मग देणं.

पासबुकातल्या बारीक ओळी

घरातलं कमावतं माणूस गेलं असेल तर त्याच्या पासबुकात मे अखेरीच्या नोंदी बघा. ४३६ रुपये वजा झालेत का? २० रुपये वजा झालेत का? ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. मृत्यू कशानेही होवो, वारसाला २ लाख मिळतात. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना बँकवाल्याने फॉर्मवर सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

एक वहिनी आल्या होत्या. नवरा झटक्याने गेलेला, वय पन्नाशीच्या आतलं. बचत गटाच्या कर्जाचं कसं करायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नवऱ्याचं पासबुक बघितलं तर मे महिन्याच्या ओळीत ४३६ उभे. "बँकेनं आमचे पैसे असेच कापल्यात बघा," ही त्यांची तक्रार. त्या कापलेल्या पैशावर त्यांचे दोन लाख होते. त्याच शाखेत दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार आणि पासबुक द्यायचं. महिन्याभरात गेलेलं चांगलं. उशीर झाला असला तरी अर्ज द्या, आणि "आता नाही होत" असं कुणी तोंडी म्हणालं तर तेच कागदावर लिहून मागा. कागद मागितला की पुष्कळदा उत्तर बदलतं.

तसंच कर्जाच्या कार्डावर बघा. मायक्रोफायनान्सचं (गटातल्या बायकांना मिळणारं छोटं कर्ज) किंवा गाडीचं कर्ज देताना पुष्कळ कंपन्या विम्याचा हप्ता आधीच कापून घेतात. कर्जदार किंवा त्याचा जोडीदार वारला तर उरलेलं कर्ज विम्यातून भागतं. नवरा मयत झाल्यावरसुद्धा बाई आठवड्याचा हप्ता भरत राहते, आणि घेणारा घेत राहतो. हप्ता देण्याआधी मृत्यूचा दाखला जोडून शाखेला अर्ज द्या आणि पोच घ्या.

माणूस कुपवाड एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यात कामाला होता आणि त्याचा पीएफ कापला जात होता? मग पीएफच्या रकमेशिवाय विमा वेगळा असतो. सलग वर्षभर नोकरी झाली असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त ७ लाख. विधवेला पेन्शन असते तीही वेगळीच. फक्त पीएफची रक्कम उचलून गप्प बसलेली घरं मी पाहिलीत.

शेतकऱ्याच्या घरात विजेचा शॉक, साप, विहीर, ट्रॅक्टर, रस्त्यावरचा अपघात, असं काही घडलं असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना बघा. वय १० ते ७५. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो, किंवा त्याच्या घरातला एक जण यात बसतो. मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. ही मुदत फार आखूड आहे. दिवस घालण्याच्या गडबडीत ती निघून जाते, म्हणून भावकीतल्या एका शहाण्या पोराला दहाव्याआधीच या कामाला लावा. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर इथं काही हलत नाही. "कशाला चिरफाड" म्हणून पोस्टमार्टेम टाळू नका.

महिन्याचे पैसे

आता तहसील कचेरी. तिथं संजय गांधी योजनेची वेगळी शाखा असते. पासष्टच्या आतली विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, दिव्यांग, कर्करोग किंवा पक्षाघातासारख्या आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान. पासष्ट पूर्ण झालेल्यांना श्रावणबाळ. दोन्हीत महिन्याला १५०० रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले, पण दाखला ४० टक्के किंवा वरच्या अपंगत्वाचा लागतो, आणि तो आता यूडीआयडी कार्डाचाच, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा.

अट उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वर्षाचं २१ हजार, दिव्यांगाला ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तेवढ्यात आज कुठल्या घराची चूल पेटते, हे मर्यादा ठरवणाऱ्यालाच ठाऊक. पण दाखला तसा लागतो, आणि तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदाराची सही या वाटेनेच तो निघतो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं सरकारने ठरवलंय. गावात तो भाऊसाहेबच.) राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा दाखला, विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं एवढं लागतं. अर्ज तालुक्याच्या समितीसमोर जातो. समितीची बैठक कधी भरेल हे कुणी छातीठोक सांगत नाही, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा आणि त्या शाखेत अधूनमधून तोंड दाखवत राहा.

पैसे आता थेट आधारच्या खात्यात येतात. इथं बरेच म्हातारे अडकतात. त्यांची दोन-तीन खाती असतात आणि आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. "अनुदान बंद झालं" म्हणून रडत आलेल्या मावशीचे पैसे दुसऱ्याच बँकेत साठलेले निघतात. आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे महा ई-सेवा केंद्रात किंवा बँकेत विचारलं की कळतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यायचा असतो. तो चुकला तरी पैसे थांबतात.

लाडकी बहीण आणि संजय गांधी दोन्ही एकदम मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त येत असतील तर लाडकी बहीण बसत नाही. आमच्याकडे दोन्ही भरून ठेवायची सवय आहे, "कुठलं तरी येईल" म्हणून. तसं करू नका, छाननीत दोन्हीकडचं अडकतं.

ज्या घरात बाप किंवा आई नाही आणि पोरं अठराच्या आतली आहेत, तिथं बालसंगोपन योजना बघा. एका पोरामागे महिन्याला २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, आदेश बाल कल्याण समितीचा. विधवेच्या १५०० पेक्षा ही रक्कम मोठी, पोरं दोन असतील तर तिप्पट, आणि तरी गावात या योजनेचं नाव निघत नाही. मी तरी प्रत्येक विधवा बाईला हे पहिलं विचारतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता वारला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे एकरकमी २० हजार असतात. त्याचा अर्जही तहसीललाच.

गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी यांची गंमत आहे. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायला सगळे धावले, कारण भांड्यांचा सेट मिळतो. सेट घरी आला, कार्ड पेटीत गेलं. खरे पैसे पुढेच होते. पोरांना पहिली ते सातवी वर्षाला २५००, आठवी ते दहावी ५०००, दहावी-बारावीला निम्म्यावर गुण असतील तर १० हजार. बाळंतपणाला १५ हजार, सिझेरियन असेल तर २०. कामगाराला नैसर्गिक मरण आलं तरी २ लाख. फक्त वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला दाखवून नूतनीकरण करत राहावं लागतं. नूतनीकरण राहिलं आणि माणूस गेला तर पेटीतलं कार्ड काही कामाचं नाही.

दवाखान्यासाठी कर्ज काढायच्या आधी एक फोन करा, १५५३८८. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आहे. ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या दवाखान्यात मोफत होतात. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधीच त्याच्यापुढे रेशन कार्ड आणि आधार ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. मी जेवढी थकीत कर्जं हाताळली त्यात बी-बियाणं, लग्न आणि दवाखाना ही तीन कारणं सारखी दिसायची. त्यातलं तिसरं पुष्कळदा टाळता आलं असतं.

दाखल्यांबद्दल एवढंच सांगतो. उत्पन्न, जात, रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा बाँड लागत नाही, साधा कागद चालतो. तहसीलच्या आवारात अजून कुणी बाँड घ्यायला लावत असेल तर सरळ आत जाऊन विचारा. केंद्रात दराचा फलक असतो, त्यापेक्षा जास्त देऊ नका, पावती घ्या. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत द्यायचा असतो. २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे आपल्याकडे. मुदत टळली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील होतं. अपिलाचा अर्ज नुसता पुढ्यात ठेवला तरी दाखला छापून येतो, असा माझा अनुभव.

मग कर्ज

वहीचं एक पान घ्या आणि सगळी देणी लिहा. कुणाचं, मुद्दल किती, आज किती सांगतात, तारण काय, जामीनदार कोण, कोरे चेक दिलेत का. हातउसनेसुद्धा लिहा. नवराबायको दोघांनी बसून लिहा, कारण एकाने घेतलेलं दुसऱ्याला ठाऊक नसतं आणि तिथंच सगळं बिघडतं. औषध दुकानाची उधारी, दलालाकडून घेतलेली उचल, सोन्यावरचं, सगळं पानावर येऊ द्या.

मग आधी कुणाचं द्यायचं? माणूस चुकतो तो इथं. जो रोज दारात येऊन आवाज करतो त्याला आधी देतो. आवाज कुणाचा मोठा, ते बघू नका. हप्ता थकला तर कुणाकडून काय जाणार, ते बघा. घर, गहाण सोनं, जामीनदाराची इज्जत, चेकचा खटला हे वरती. विनातारण कर्ज खाली, मग त्याचा माणूस कितीही ओरडो. सोसायटीचं पीककर्ज मात्र वेळेत भरा. ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर व्याज शून्य पडतं. आपल्याकडे मार्च-जूनला नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, लोक चार दिवसांसाठी सावकाराचे पैसे उचलतात. सोसायटीने नवं कर्ज द्यायला चार दिवसांचे चाळीस लावले की शून्य टक्क्याचं कर्ज दहा टक्के महिन्याचं होऊन बसतं.

आता प्रत्येक देण्याचं दार वेगळं आहे, हे नीट लक्षात घ्या. बँकेची तक्रार सहकार खात्यात चालत नाही आणि पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेत चालत नाही.

मायक्रोफायनान्सपासून सुरुवात करतो, कारण सध्या सगळ्यात जास्त बायका त्याच घेऊन येतात. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम स्पष्ट आहेत. हे कर्ज विनातारण असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुली सकाळी ९ च्या आधी नाही, संध्याकाळी ६ नंतर नाही. ठरलेल्या जागी वसुली करायची, लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच घरी यायचं. शिवीगाळ, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना फोन, अंगणात ठिय्या मारून बसणं, काहीही चालत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही.

हे सगळं वसुलीला येणाऱ्या पोराला ठाऊक असतं. तोही आपल्यातलाच, तेवीस-चोवीस वर्षांचा, वरून टार्गेट घेऊन आलेला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. कर्जाच्या कार्डावर कंपनीचा तक्रार क्रमांक असतो. तिथं तक्रार नोंदवा, तारीख, वेळ, कोण आलं होतं ते सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फोन १४४४८, फुकट. वकील लागत नाही, फी नाही. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या त्यांच्या केंद्राला टपालानेही तक्रार पाठवता येते. बँक, फायनान्स कंपनी, क्रेडिट कार्ड, सगळ्याला हेच दार. मात्र आधी कंपनीकडे तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर ती परत येते.

सोबत आपला कर्ज इतिहास काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तुमच्या नावावर भलतंच कर्ज दिसलं, किंवा फेडलेलं अजून बाकी दिसलं, तर तिथंच हरकत घेता येते. गटातल्या बायकांची नावं वापरून दुसऱ्यानेच पैसे उचललेले मी बघितलेत, ते अशाच अहवालात सापडले.

पतसंस्था: तारखेला जा

हा माझा स्वतःचा प्रांत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पतसंस्था थकीत कर्जासाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकाकडे वसुली दाखल्याचा अर्ज करते. तुम्हाला आणि दोन्ही जामीनदारांना नोटीस येते, तिच्यात सुनावणीची तारीख असते. आपल्याकडचा माणूस नोटीस कपाटावर टाकतो. "कोर्टाची थोडीच आहे?" म्हणतो. मी संस्थेच्या बाजूने अशा सुनावण्यांना बसलोय. फायली घेऊन आम्ही जायचो, कर्जदाराचं नाव पुकारलं जायचं, कुणी उठायचं नाही, आणि संस्थेने लिहिलेला आकडा तसाच्या तसा दाखल्यावर चढायचा.

त्या दाखल्याला दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखी ताकद असते. मग विशेष वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध पुढे जायचं तर पुनरीक्षण अर्जाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. निम्मी रक्कम असती तर माणूस थकला कशाला असता? म्हणून जे काय बोलायचं ते त्या पहिल्या तारखेलाच.

जाताना काय न्यायचं? आधी संस्थेकडे लेखी अर्ज देऊन खातेउतारा मागा, व्याज कसं आकारलं त्याच्या तपशिलासह. भरलेल्या पावत्या उताऱ्याशी एकेक ताडून बघा. पिग्मी (रोजची बचत) आणि शेअर्सची रक्कम वजा धरलीय का? दंडव्याज कुठल्या तारखेपासून लावलंय? तफावत दिसली की साध्या कागदावर मराठीत हरकत लिहा, प्रत द्या, पोच घ्या. आणि फेडण्याची तयारी असेल तर तीही लिहूनच द्या: महिन्याला एवढे, अमुक तारखेपासून. एकरकमी परतफेड योजना चालू आहे का ते विचारा. संचालकांच्या घरी खेटे घालण्यापेक्षा हा कागद जास्त कामाला येतो.

जामीनदारांनो, तुम्ही "नुसती सही" केलेली नसते. संस्था कर्जदाराला सोडून सरळ तुमच्या पगारावर येऊ शकते. तुम्हीही तारखेला जा.

कोरा चेक दिला असेल आणि तो वटला नाही तर वकिलाची नोटीस येते. ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत पुढं सांगतो त्या विधी सेवा समितीकडे गेलेलं बरं.

ठेवीदारांसाठीही एक ओळ: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जास्त व्याज देणाऱ्या पाटीकडे बघताना हे आठवा.

सावकार आणि ॲप

सावकारी बेकायदा नाही, विनापरवाना सावकारी बेकायदा आहे. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८ टक्के लावायचे असतात. वर्षाला, महिन्याला नव्हे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही. आपल्याकडे शेकडा दहा महिन्याला सर्रास चालतं, म्हणजे वर्षाला १२० टक्के. विनापरवाना धंद्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

तक्रार तालुक्याला सहायक निबंधकाकडे, जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. मारहाण, धमकी असेल तर पोलीस ठाण्यातही. पुरावा म्हणून स्टँप, कोऱ्या चेकचे नंबर, फोनपेचे व्यवहार, मेसेज, पैसे देताना हजर असलेली माणसं, जे असेल ते जमवा. जमीन "विश्वासाने" खरेदीखत करून दिलेली असेल तरी आशा सोडू नका. कर्जाच्या तारणापोटी झालेला तो व्यवहार होता हे चौकशीत दिसलं तर १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहारातली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. खरेदीखतावरची रक्कम आणि त्या वेळचा बाजारभाव यातला फरक, जमीन अजून कोण कसतंय, पीकपाणी कुणाच्या नावावर, हे तिथं बघितलं जातं. म्हणून व्यवहार झाल्यावरही ताबा सोडू नका.

या लोकांच्या तगाद्याने माणूस आतून खचतो. रात्री झोप नाही, कुणाशी बोलत नाही, असं घरातल्या कुणाचं दिसलं तर टेली मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. कर्जाचा कागद उद्या बघता येतो, हा फोन आजच करा.

ॲपवाल्यांचं थोडक्यात सांगतो. मोबाइलमधले नंबर आणि फोटो वाचायला कर्ज देणाऱ्या ॲपला परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांच्या ॲपची यादी आहे, तिच्यात नाव नसेल तर घेऊच नका. घेतलं असेल आणि फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येत असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर तक्रार करा, स्क्रीनशॉट ठेवा, आणि भीतीपोटी आणखी पैसे पाठवू नका. एकदा पाठवले की मागणी वाढते.

आणि हो, "तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो, हप्ते भरणं थांबवा, आमची फी आधी द्या" म्हणणाऱ्यांचं पीक आलंय सध्या. ते जे करतात ते तुम्ही स्वतः बँकेच्या शाखेत जाऊन करू शकता. निम्म्यात मिटवलेल्या कर्जावर अहवालात "सेटल्ड" शिक्का बसतो आणि पुढं बरीच वर्षं कर्ज मिळायला अडचण येते, हे ते सांगत नाहीत.

फुकटचा वकील, फुकटचा सल्ला

तासगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बायका, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मोफत. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. साधा अर्ज द्यायचा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००. बँकेची लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. ती तडजोडीला बोलावण्याची जागा आहे, तिथं तुम्ही नाही म्हणू शकता. पण हो म्हणालात आणि सही केलीत तर त्यावर अपील नसतं. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा.

नुसतं आकडेमोड करून कुणी समजावून सांगावं असं वाटत असेल तर आर्थिक साक्षरता केंद्र विचारा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे चौकशी करायची. सांगलीत ती बँक ऑफ इंडिया, साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र. तिथले समुपदेशक पुष्कळदा निवृत्त बँकवालेच असतात. ते तुमचं कर्ज माफ करून देणार नाहीत. शिबिरं भरवण्याकडे त्यांचा कल जास्त. पण वहीचं पान पुढ्यात ठेवलंत तर कुठलं कर्ज आधी आणि बँकेकडे पुनर्गठनाचा (हप्ते नव्याने बांधून घेण्याचा) अर्ज कसा लिहायचा, एवढं नक्की सांगतात. एखादी शाखा खातं उघडायला किंवा विम्याचा दावा घ्यायला टाळाटाळ करत असेल तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज द्या.

शेवटचा हप्ता भरला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, घ्या. दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या आणि फाडा. बँकेत किंवा फायनान्स कंपनीत घराची कागदपत्रं ठेवलेली असतील तर पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ती परत द्यायची असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई बसते, हे शाखेत नम्रपणे बोलून दाखवा. जमिनीवर बोजा असेल तर बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन भाऊसाहेबांकडे अर्ज द्या, फेरफार मंजूर होऊ द्या, आणि मग नवा सातबारा काढून "इतर अधिकार" या रकान्यात संस्थेचं नाव राहिलंय का ते स्वतः वाचा.